थोमाच्या नावावरचा शेरा

सरकारी नोकरीत आयुष्य काढणाऱ्या माणसाला दोन गोष्टींचे भय असते : एक बदलीच्या हुकमाचे आणि दुसरे गोपनीय अहवालातील प्रतिकूल शेऱ्याचे. पैकी बदलीचे भय आता आमच्या अंगवळणी पडले आहे. मुळा-मुठेच्या काठावरून उचलून आम्हांला बंगालच्या उपसागराच्या काठी, चेन्नईच्या जॉर्ज टाउनमध्ये आणून ठेवल्याला सहा वर्षे झाली. आता आमटीतल्या गुळाची आठवणही पूर्वीइतकी छळत नाही. शेऱ्याचे भय मात्र जसेच्या तसे आहे. वीस वर्षांची निष्ठावंत सेवा एका ओळीने झाकून जाते. कोण्या वरिष्ठाने एखाद्या वैतागलेल्या दुपारी लिहिलेले ‘वक्तशीर नाही’ हे दोन शब्द त्या बिचाऱ्या कारकुनाच्या आधी पुढच्या कचेरीत जाऊन पोहोचतात, आणि मग तो रोज वेळेच्या आधी हजर झाला तरी त्याला पाहताच लोकांची नजर भिंतीवरील घड्याळाकडे वळते.

जगाच्या इतिहासात असे शेरे पुष्कळांच्या नावावर बसले आहेत. त्यांतील एक अतिशय दीर्घायुषी शेरा ज्याच्या नावावर आहे, त्याची समाधी आमच्या कचेरीपासून फार दूर नाही. हा पुरुष म्हणजे येशू ख्रिस्ताच्या बारा शिष्यांपैकी एक. मराठी बायबलातील थोमा, इंग्रजांचा थॉमस, येथील तमिळ लोकांचा तोमैयार. ‘संशयी थॉमस’ हा शब्दप्रयोग इंग्रजीत इतका रुळला आहे की, ज्यांनी बायबल कधी उघडलेले नाही तेही पुरावा मागणाऱ्याला हेच नाव देऊन मोकळे होतात. माणसाचे विशेषनाम दोषाचे सामान्यनाम होऊन बसावे, यासारखी शिक्षा नाही. आपल्याकडे नारदाच्या आणि बिभीषणाच्या वाट्याला ती आली; कळ लावणारा तो नारद आणि घरभेद्या तो बिभीषण, असे आपण बिनदिक्कत म्हणतो. एकाची भक्ती आणि दुसऱ्याचा न्याय त्या एका शब्दाखाली कायमचा गाडला गेला.

थोमाच्या प्रकरणाकडे आमचे लक्ष जाण्याचे कारण धार्मिक नाही. आम्ही ख्रिस्ती नव्हे, आणि धर्मचर्चेचा अधिकारही आम्ही सांगत नाही. कारण निव्वळ भौगोलिक आहे. ज्या पेठेत आम्ही नोकरी करतो तिच्याही नावावर एकेकाळी असाच एक शेरा होता. सेंट जॉर्ज किल्ल्यात गोरे राहत आणि किल्ल्याबाहेर विणकर, व्यापारी, दुभाषे यांची जी वस्ती वाढली तिला साहेबाने ‘ब्लॅक टाउन’ असे नाव ठेवले. विसाव्या शतकाच्या आरंभी एका राजाच्या गौरवार्थ तेच ‘जॉर्ज टाउन’ झाले. पुढे १९९६ मध्ये मद्रासचे चेन्नई झाले. गावांची नावे हुकमाने बदलतात. माणसाच्या नावामागे चिकटलेला शब्द बदलण्यासाठी मात्र अद्याप कोणतेही राजपत्र निघालेले नाही.

याच पेठेत आर्मेनियन स्ट्रीटवर १७७२ सालचे आर्मेनियन चर्च आहे. मधल्या सुटीत डबा आटोपून आम्ही कधी कधी तेथील अंगणात सावलीला बसतो. बाहेर हातगाड्यांचा आणि हमालांचा कल्लोळ, आत थडग्यांच्या फरशांवर कोरलेली न वाचता येणारी अक्षरे. अठराव्या शतकात येथील आर्मेनियन व्यापाऱ्यांत खोजा पेत्रुस उस्कान नावाचा मोठा धनिक होऊन गेला. त्याने १७२६ मध्ये अड्यार नदीवर पदरच्या पैशाने पूल बांधला आणि नदीपलीकडील सेंट थॉमस टेकडीवर चढण्यासाठी पायऱ्या करून दिल्या. त्या पुलाच्या जागी आता दुसरा पूल आला आहे, पायऱ्या आहेत. पैशापैशाचा हिशेब ठेवणाऱ्या व्यापाऱ्याने ज्याच्या दर्शनाची वाट सुकर करण्यासाठी हात इतका सैल सोडला, तो पुरुष केवळ संशयखोर कसा असेल, हा प्रश्न आम्हांला त्या अंगणात प्रथम पडला. मग आम्ही कचेरीच्या रीतीप्रमाणे त्याचे सेवापुस्तक मागविले.

हे सेवापुस्तक अगदी लहान आहे. मत्तय, मार्क आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत थोमा बाराजणांच्या यादीत नावापुरताच येतो. तो बोलतो ते एकट्या योहानाच्या शुभवर्तमानात, आणि तेथेही मोजक्याच प्रसंगी.

पहिला प्रसंग लाजराच्या मृत्यूचा. लाजर यहूदीया प्रांतातील बेथानी गावी वारला आहे आणि येशूने तिकडे जाण्याचा निश्चय केला आहे. थोड्याच दिवसांपूर्वी त्या प्रांतात लोकांनी त्याच्यावर दगड उचलले होते. शिष्य त्याला त्याची आठवण देतात आणि जाऊ नये असे सुचवितात. त्या वेळी इतरांकडे वळून, चला, आपणही त्याच्याबरोबर मरायला जाऊ, असे सांगणारा एकटा थोमा आहे. हा प्रसंग कोणाच्या लक्षात राहत नाही. ‘धैर्यवान थोमा’ असा वाक्प्रचार कोणत्याही भाषेत झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

दुसरा प्रसंग शेवटच्या भोजनाच्या रात्रीचा. येशू शिष्यांना सांगतो की, मी पुढे जातो आहे आणि मी जातो तेथली वाट तुम्हांला ठाऊक आहे. वरिष्ठ असे काही बोलले म्हणजे बैठकीत काय घडते हे आम्हां सरकारी मंडळींना सांगावयास नको. सर्वांच्या माना हलतात आणि कोणालाच काही कळलेले नसते. थोमाने मान हलविली नाही. आपण कोठे जाता हेच आम्हांला माहीत नाही, मग वाट कशी माहीत असणार, असे त्याने सरळ विचारले. ज्या उत्तरात येशूने स्वतःलाच मार्ग, सत्य आणि जीवन म्हटले, ते उत्तर ख्रिस्ती जगाला मिळाले ते या भाबड्या प्रश्नामुळे. माना हलविणाऱ्यांच्या भरवशावर राहिले असते तर ते मिळाले नसते.

तिसरा प्रसंग तोच, ज्यावरून शेरा बसला. येशूला क्रुसावर देऊन तिसरा दिवस झाला आहे. शिष्य भीतीने दारे लावून घरात बसले आहेत. येशू त्यांच्यामध्ये प्रकट होतो. थोमा त्या वेळी तेथे नाही. तो परतल्यावर इतर त्याला सांगतात, आम्ही प्रभूला पाहिले. त्यावर थोमा म्हणतो की, त्याच्या हातांवरील खिळ्यांचे व्रण पाहिल्यावाचून, त्यांत बोट घातल्यावाचून आणि त्याच्या कुशीत हात घातल्यावाचून मी विश्वास ठेवणार नाही. या एका वाक्याने त्याच्या आधीच्या दोन्ही नोंदी पुसून टाकल्या.

आता हे प्रकरण थंड डोक्याने तपासावे. पहिला मुद्दा असा की, थोमाने जे मागितले ते इतरांना न मागता मिळालेले होते. योहानच सांगतो की, त्या पहिल्या संध्याकाळी येशूने आपले हात आणि कूस त्यांना दाखविली आणि ते पाहून त्यांना आनंद झाला. लूक याहून पुढे जातो. रिकाम्या थडग्याची वार्ता प्रथम स्त्रियांनी आणली, तेव्हा प्रेषितांना ती वायफळ बडबड वाटली. आणि पुढे येशू समोर उभा राहिला तरी त्यांना ते भूतच वाटले, इतके की त्याला हातपाय दाखवून, भाजलेल्या माशाचा तुकडा त्यांच्यादेखत खाऊन त्यांची खात्री पटवावी लागली. म्हणजे दहाजणांनी पाहून मानले ते विश्वासू ठरले आणि अकरावा पाहू द्या म्हणाला तो संशयी ठरला. एकाच पदावरील कर्मचाऱ्यांना दोन निकष लावल्याचे हे उदाहरण आहे. स्त्रियांचा शब्द ज्यांनी धुडकावला त्यांच्या नावावर शेरा नाही. त्यांचा शब्द ज्याने लगेच मानला नाही त्याच्या नावावर मात्र आहे.

दुसरा मुद्दा आठ दिवसांचा. थोमाची अट आणि येशूचे पुन्हा येणे यांच्यामध्ये एक सप्ताह गेला. या सप्ताहाविषयी ग्रंथात काहीही लिहिलेले नाही, पण आम्हांला तो फार मोलाचा वाटतो. दहाजण आनंदात आहेत, अकरावा तो आनंद वाटून घेऊ शकत नाही. तरी तो त्यांना सोडून जात नाही आणि तेही त्याला घालवून देत नाहीत. आठव्या दिवशी तो त्यांच्यातच आहे. ज्याला खरोखर विश्वास ठेवावयाचाच नसतो तो आठ दिवस त्याच घरात का राहील? उत्तर जेथे मिळण्याचा संभव आहे त्या जागी थोमा जाऊन बसला, आणि एकटेपण सोसून वाट पाहत राहिला.

तिसरा मुद्दा अगदी बारीक, परंतु आमच्या मते निर्णायक आहे. येशू आला, त्याने थोमाला बोट पुढे करण्यास सांगितले. आणि थोमाने काय केले? ग्रंथात त्याने बोट लावल्याचा उल्लेख नाही. त्याने येशूला आपला प्रभू आणि आपला देव म्हणून हाक मारली, एवढेच आहे. इतक्या स्पष्ट शब्दांत येशूला देव म्हणणारा शिष्य त्या ग्रंथात दुसरा नाही. परंतु १६०२ च्या सुमारास काराव्हाज्जो या इटालियन चित्रकाराने एक चित्र काढले. त्यात थोमा कपाळाला आठ्या घालून वाकला आहे आणि त्याचे बोट जखमेत पेराएवढे शिरलेले आहे. चित्र थोर आहे, पण त्या थोर चित्राने शेऱ्यावर शिक्का मारला. जे बोट ग्रंथात पुढे झालेच नाही ते चित्रात कायमचे जखमेत रुतून बसले. वस्तुतः थोमाने अट तोंडाने घातली आणि प्रत्यक्ष समोर येताच ती न वापरता सोडून दिली. या मुद्द्याकडे आम्हांला पुढे पुन्हा वळावयाचे आहे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. स्वतः येशूनेच त्याला विश्वासहीन न होण्यास बजावले आणि न पाहता विश्वास ठेवणारे धन्य आहेत असे म्हटले. मग शेरा ख्रिस्ताचाच नव्हे काय? आम्हांला तसे वाटत नाही. समजावणी आणि शेरा यांत भेद आहे. ज्याला नाकारावयाचे त्याला कोणी व्रण उघडे करून दाखवीत नाही. येशूने थोमाची अट शब्दशः उचलून धरली, म्हणजे ती ऐकण्यास तेथे नसतानाही त्याने ती ऐकली होती. राहिली न पाहणाऱ्यांची धन्यता. ती पुढे येणाऱ्या पिढ्यांसाठी आहे, कारण त्यांना पाहण्याची सोयच नव्हती. दुसऱ्यांना धन्य म्हटल्याने थोमा निंद्य होत नाही.

आमच्या परंपरेत वाढलेल्या माणसाला तर या प्रकरणाचे आश्चर्यच वाटते. न्यायशास्त्राने जे सोळा पदार्थ सांगितले त्यांत प्रमाण आणि प्रमेय यांच्या लगेच मागे तिसरा संशय आहे, आणि निर्णय नववा आहे. संशयाच्या उंबरठ्यावरूनच निर्णयाच्या घरात जावे लागते, असा हा क्रम आहे. गीतेने चौथ्या अध्यायात संशयात्म्याचा नाश सांगितला हे खरे. परंतु त्याच गीतेत अर्जुन दहा अध्याय ऐकल्यानंतर अकराव्याच्या आरंभी काय मागतो? ऐकले ते पटले, आता तुझे रूप प्रत्यक्ष दाखव, असेच ना? भगवंत त्याच्यावर रागावत नाहीत. पाहण्यासाठी त्याला दिव्य चक्षू देतात. विश्वरूपदर्शन हा आपण गीतेचा कळस मानतो, पण अर्जुनाला कोणी ‘संशयी अर्जुन’ म्हणत नाही. अर्जुनाने पाहण्यास मागितले ती जिज्ञासा, थोमाने मागितले तो अविश्वास, हा न्याय कोणता?

जॉर्ज टाउनहून मैलापूरकडे समुद्राच्या कडेने बसने निघाले की, आधी उजव्या हाताला एक जुनी, वाटोळ्या दर्शनी भागाची इमारत लागते. एकेकाळी तेथे अमेरिकेहून जहाजाने आलेला बर्फ साठवीत. १८९७ च्या फेब्रुवारीत पश्चिमेहून परतलेले स्वामी विवेकानंद त्या घरात उतरले होते. तरुणपणी हेच नरेंद्र भेटेल त्या सत्पुरुषाला, आपण देव पाहिला आहे काय, असे विचारीत हिंडत. आणि रामकृष्णांना पैशाचा स्पर्श सहन होत नाही हे ऐकल्यावर त्यांच्या अंथरुणाखाली गुपचूप नाणे ठेवून त्यांनी परीक्षा पाहिल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. रामकृष्णांना त्या परीक्षेचा आनंदच झाला. त्याच रस्त्याने पुढे काही अंतरावर सांतोमचे पांढरे चर्च येते. आजची इमारत १८९६ ची. त्यापूर्वी तेथे पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात बांधलेले चर्च होते, आणि त्याखाली थोमाची कबर आहे अशी श्रद्धा आहे. एका रस्त्यावर, एका समुद्रासमोर, दोन परीक्षक शिष्यांची ही दोन ठिकाणे. एकाला आपण वीरपुरुष म्हणतो आणि दुसऱ्याला संशयी. हा फरक त्यांच्या वृत्तीतला नसून आपल्या शब्दांतला आहे.

थोमा हिंदुस्थानात आला ही कथा प्रथम विस्ताराने येते ती तिसऱ्या शतकातील ‘थोमाची कृत्ये’ या सिरियाक ग्रंथात. आणि कारकुनाने ती अवश्य वाचावी अशी आहे. शिष्यांनी देश वाटून घेतले, थोमाच्या वाट्याला हिंदुस्थान आला, आणि त्याने जाण्यास साफ नकार दिला. बदलीचा हुकूम आल्यावर प्रकृतीचे कारण पुढे करणारे आम्ही पहिले नव्हे, हे वाचून धीर येतो. शेवटी तो हब्बान नावाच्या व्यापाऱ्याला सुतार म्हणून विकला जातो आणि गुंदफर राजाच्या दरबारी येऊन पोहोचतो. राजा त्याला राजवाडा बांधण्यासाठी भरपूर द्रव्य देतो. थोमा ते गोरगरिबांत वाटून टाकतो. राजा वाडा पाहण्यास मागतो तेव्हा थोमा सांगतो की वाडा स्वर्गात बांधला आहे, तो मृत्यूनंतर दिसेल. असे उपयोगिता प्रमाणपत्र आमच्या लेखा विभागाने खचित परत पाठविले असते. राजानेही त्याला तुरुंगात टाकले. मग राजाचा भाऊ मरण पावतो, स्वर्गात तो वाडा डोळ्यांनी पाहतो आणि जिवंत होऊन साक्ष देतो, तेव्हा थोमा सुटतो. या कथेचा कर्ता मोठा मार्मिक असला पाहिजे. जो पाहिल्यावाचून मानीत नव्हता, त्याच्याच वाट्याला त्याने न दिसणारा वाडा दाखविण्याची पाळी आणली.

या गुंदफर राजाचे नाव पुढे शतकानुशतके या कथेवाचून कोठे आढळत नव्हते, म्हणून तो कल्पित समजला जाई. एकोणिसाव्या शतकात काबूल आणि पंजाबच्या मातीतून त्याची नाणी निघाली आणि पहिल्या शतकातील वायव्य हिंदुस्थानचा राजा म्हणून तो इतिहासात जाऊन बसला. अर्थात नाण्यांनी राजा सिद्ध झाला; राजाकडे थोमा आला हे नाण्यांवर लिहिलेले नाही. केरळातील ख्रिस्ती परंपरा त्याचे आगमन इ. स. ५२ मध्ये आणि मैलापूरचे हौतात्म्य ७२ मध्ये सांगते. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने या किनाऱ्यावरील त्याच्या कबरीचा उल्लेख केला आहे आणि ख्रिस्ती व मुसलमान दोघेही तेथे यात्रेला येत असे नमूद केले आहे. दुसरीकडे त्याच्या अस्थी एडेसा येथे नेल्या गेल्या आणि तेथून पुढे इटलीतील ओर्तोना येथे पोहोचल्या अशीही परंपरा आहे. इतिहासकारांचे यावर एकमत नाही. संशयी पुरुषाच्या समाधीविषयी संशय असावा, हे एका अर्थी योग्यच झाले.

येथे आम्हांला स्वतःकडेही बोट दाखविले पाहिजे. सांतोमला गेलो की आमच्यातील पदवीधर जागा होतो आणि समकालीन पुरावा मागू लागतो. पण जॉर्ज टाउनमध्येच तंबू चेट्टी स्ट्रीटवर कालिकांबाळचे देऊळ आहे; दक्षिण दिग्विजयाच्या वेळी, ३ ऑक्टोबर १६७७ रोजी, शिवाजी महाराजांनी तेथे देवीचे दर्शन घेतले असे सांगतात. त्या वर्षी महाराजांनी सेंट जॉर्ज किल्ल्यातील इंग्रजांकडे विषावरील उतारे मागितल्याचे कंपनीच्या दप्तरात आहे. देवदर्शनाची हकीकत मात्र परंपरेने आलेली आहे. महाराष्ट्रातून कोणी पाहुणा आला की आम्ही त्याला प्रथम तेथे नेतो, आवाज थोडा खाली आणून ती तारीख सांगतो, आणि आमचा कंठ दाटून येतो. त्या गाभाऱ्यासमोर आम्ही कधी कागद मागितलेला नाही. संशय आम्ही दुसऱ्याच्या देवळात नेतो आणि आपल्या देवळाबाहेर चपलांबरोबर ठेवतो. थोमाने तसे केले नाही. ज्याच्यासाठी तो मरावयास निघाला होता त्याच्याच बाबतीत त्याने पुरावा मागितला. परक्याविषयी शंका घेणे सोपे असते. ज्याच्यावर जीव आहे त्याची बातमी खरी असावी असे वाटत असताना तपासून घेणे कठीण असते.

एवढे लिहून हा निबंध संपविता आला असता. परंतु थोमाची बाजू मांडण्याचा आम्हांला जो अधिकार वाटतो, तो ग्रंथ वाचून आलेला नाही. तो एका लाजिरवाण्या प्रसंगातून आलेला आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या मेजावर निवृत्तिवेतनाचे काम होते. दर नोव्हेंबरात निवृत्त कर्मचाऱ्यांनी आणि कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या विधवांनी आपण हयात असल्याचा दाखला द्यावा लागतो. नियम योग्य आहे. मृताच्या नावावर पैसे उचलण्याचा प्रकार हिशेबखात्याला नवा नाही. २०१४ पासून हा दाखला यंत्रावर बोट टेकवूनही देता येतो. एका नोव्हेंबरात एक वृद्ध बाई आल्या. पती शिपाई म्हणून निवृत्त होऊन वारलेले. बाईंचे सारे आयुष्य दुसऱ्यांच्या घरची भांडी घासण्यात आणि पीठ वाटण्यात गेले होते. बोटांवरच्या रेषा झिजून सपाट झाल्या होत्या. यंत्राने बोट ओळखले नाही. दहाही बोटे झाली. आम्ही म्हणालो, “अम्मा, उद्या या.” त्या दुसऱ्या दिवशी आल्या, पुन्हा तेच. आठवड्याने तिसऱ्यांदा आल्या आणि यंत्राने पुन्हा नकार दिला, तेव्हा त्यांनी दोन्ही तळवे आमच्या मेजावर पसरले आणि म्हणाल्या, “इंगे तान इरुक्केन, तम्बी.” मी इथेच तर आहे, धाकट्या भावा.

कागदी नमुन्याची सोय होती. अधिकाऱ्याने समोर पाहून, ओळख पटवून सही केली की पुरे होते. पण त्यासाठी जुनी फाईल काढावी लागली असती, टिपण लिहावे लागले असते, आणि उद्या लेखापरीक्षणात कोणी विचारले तर उत्तर आमच्या माथी आले असते. आम्ही खुर्चीतून उठलो नाही. यंत्रात नोंद होत नाही, असे सांगून बाईंना परत पाठविले. डिसेंबरचे पैसे थांबले, जानेवारीचेही थांबले. जानेवारीच्या अखेरीस आमच्या अधीक्षक बाईंच्या हे कानांवर गेले. त्या आपल्या खोलीतून बाहेर आल्या, व्हरांड्यातील बाकावर त्या वृद्धेच्या शेजारी बसल्या, पतीचे नाव विचारले, ते कोणत्या विभागात होते ते विचारले, निवृत्तिवेतनाच्या पुस्तकातील छायाचित्र आणि समोरचा चेहरा ताडून पाहिला, आणि नमुना भरून संबंधित अधिकाऱ्याची सही तेथल्या तेथे आणवून घेतली. सारे अर्ध्या तासात झाले. जाताना वृद्धा आमच्या मेजापाशी थांबल्या. त्या रागावतील असे वाटले होते. त्यांनी एवढेच विचारले, “साप्टिया, तम्बी?” जेवलास का? आम्ही होय म्हणालो. आम्हांला त्यांच्याकडे वर पाहवले नाही.

थोमाचा आम्ही वारंवार विचार करू लागलो तो त्या दिवसापासून. बोट, व्रण, पुरावा, हयातीची खात्री. सारे शब्द तेच होते, प्रकरण मात्र अगदी उलट होते. मृत म्हणून कळलेला पुरुष समोर उभा राहिलेला पाहताच थोमाने आपली अट टाकून दिली. जिवंत बाई समोर उभी असलेली पाहूनही आम्ही आमची अट टाकली नाही. थोमाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहावयाचे होते. आम्हांला पाहावयाचेच नव्हते, आमच्या वतीने यंत्राने पाहावे आणि जबाबदारीही त्यानेच घ्यावी असे हवे होते. आणि सर्वांत मोठा भेद असा की, थोमाच्या संशयाची किंमत थोमाने स्वतः दिली. आठ दिवस दहाजणांच्या आनंदात तो एकटा कोरडा बसला. आमच्या संशयाची किंमत दोन महिने त्या बाईंनी दिली. आमचा पगार वेळेवर जमा होत होता.

तेव्हा संशय हा गुण की दोष, हा प्रश्नच आम्हांला आता अपुरा वाटतो. संशय घेणारा माणूस उत्तर शोधण्यासाठी उठतो की खुर्चीत बसून राहतो, आणि उत्तर समोर आले म्हणजे ते ओळखतो की नाही, हे विचारले पाहिजे. जो संशय चालत जातो, वाट पाहतो आणि दिसल्यावर मान लववितो, तो श्रद्धेचा शत्रू नाही. न्यायशास्त्राने त्याला निर्णयाच्या वाटेवर स्थान दिले ते उगीच नव्हे. जो संशय केवळ आपल्या अंगाला काही चिकटू नये म्हणून धरला जातो, त्याला गीतेने ज्याचा नाश सांगितला त्याच्या पंक्तीस बसविण्यास आमची हरकत नाही. थोमा पहिल्या प्रकारचा होता. दुसऱ्या प्रकाराला कोणाचे नाव द्यावयाचे झाले तर ते आमच्या कचेऱ्यांतून सहज मिळेल.

मागच्या हिवाळ्यात एका रविवारी आम्ही उस्कानच्या त्या पायऱ्या चढून गेलो. टेकडी उंच नाही, सुमारे तीनशे फुटांची. पण दम लागतो. वर लहानसे चर्च आहे आणि आत दगडात कोरलेला एक प्राचीन क्रूस आहे. त्याच्या कडेने पहलवी लिपीतील अक्षरे आहेत. एक म्हातारा गृहस्थ नातवाचा हात धरून तेथे उभा होता आणि नातू आजोबांना विचारीत होता की, हे खरेच का? आजोबांनी त्याला गप्प केले नाही. त्यांनी त्याला उचलून घेतले आणि त्या दगडाच्या जितके जवळ नेता येईल तितके नेले.

थोमाच्या नावावरचा शेरा रद्द करण्याचा अधिकार आम्हांला नाही. सक्षम अधिकारी फार वरचे आहेत. आम्ही केवळ टिपण सादर केले आहे. आता निवृत्तिवेतनाचे काम आमच्या मेजावर राहिलेले नाही. तरीही नोव्हेंबर आला आणि व्हरांड्यातील बाकावर म्हातारी माणसे येऊन बसू लागली की, आम्ही एकदा तरी उठून बाहेर एक फेरी मारून येतो.